९० दिवसांत प्लास्टिकची माती? एन्झाइम पावडर चार महिने वापरून बघितली, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त घ्यायची की नाही एवढंच बघायचंय त्यांचा वेळ जायला नको. ऑनलाइन मिळणारी "प्लास्टिक खाणारी" एन्झाइम पावडर, ५०० ग्रॅमचं पाकीट, ६४९ रुपये. ओल्या कचऱ्याचं खत करायला बरी आहे. प्लास्टिकला चार महिन्यांत तिने काहीही केलं नाही, म्हणजे थोडं केलं वगैरे पण नाही, काहीच नाही. पाचपैकी एक स्टार आणि तोसुद्धा खतासाठी. कंपनीचं नाव देत नाहीये कारण अशी पाकिटं आता बरेच जण विकतायत आणि दावा सगळ्यांचा जवळपास सारखाच आहे, मला तो दावा तपासायचा होता.

आता सविस्तर. आमची पुण्यात ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, ओला कचरा आम्ही आवारातच जिरवतो, मागच्या बाजूला विटांचे तीन हौद आहेत आणि गेली सहा वर्षं त्यांचं सगळं मी बघते. कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी होतं त्यामुळे बुरशी, जिवाणू, अळ्या यांची किळस वाटत नाही. डिसेंबरात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला की जपानमध्ये प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडलाय आणि आता तो पावडरच्या रूपात भारतात आलाय, खाली पावडरची लिंक. सेक्रेटरी काका लगेच म्हणाले, "मॅडम, दहा किलो मागवू का सोसायटीच्या खर्चाने, सुक्या कचऱ्याची कटकटच मिटेल." मी म्हटलं काका थांबा, आधी एक पाकीट मी माझ्या पैशांनी आणते, नीट वापरून बघते, मग ठरवू. ते थांबले ते फार बरं झालं. पाकिटावर लिहिलेला डोस एक किलो प्लास्टिकला १०० ग्रॅम आहे, म्हणजे एक पाकीट पाच किलोला पुरतं, किलोला १३० रुपये पडतात, आणि आमच्याकडे महिन्याला सहज ३० किलो प्लास्टिक निघतं, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास नुसती पावडर झाली असती.

मी एकदम उडवून लावलं नाही कारण मेसेजमधला अर्धा भाग खरा आहे. असा जिवाणू खरंच आहे. जपानमध्ये ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे, तिथे पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकच्या, बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या ठिकाणाहून संशोधकांनी माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले आणि त्यातून हा जिवाणू निघाला, त्याचं नाव इडिओनेला साकाइएन्सिस, शहराच्याच नावावरून. २०१६ च्या मार्चमध्ये सायन्स मासिकात ते छापून आलं. हा जिवाणू दोन एन्झाइम वापरतो. पेटचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात, पहिलं एन्झाइम पेटेझ, ते त्या साखळीचे बारीक तुकडे करतं आणि दुसरं मेहेटेझ, ते त्या तुकड्यांचं टेरेफ्थॅलिक अॅसिड आणि इथिलीन ग्लायकॉल करतं, म्हणजे पेट ज्यांपासून बनतं ते दोन पदार्थ, मग जिवाणू त्यावर जगतो. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता, कारण ज्या वस्तूचा माणसाने गेल्या काही दशकांतच ढीग घातला तिच्यावर जगायला एक जीव तयार झालाय, तोसुद्धा कुठल्या लॅबमध्ये नाही, बाटल्यांच्या ढिगाशेजारी.

पण त्या प्रयोगात नक्की काय केलं होतं ते मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. त्यांनी पेटची पातळ फिल्म घेतली होती, ३० डिग्रीला ठेवली, आणि ती जवळजवळ पूर्ण संपायला सहा आठवडे लागले. शिवाय ती फिल्म मऊ प्रकारची होती. प्लास्टिकच्या आत साखळ्या कशा रचल्यात त्यावर सगळं असतं, काही ठिकाणी त्या विस्कटलेल्या असतात, काही ठिकाणी घट्ट घडी घालून बसवलेल्या असतात, आणि एन्झाइमला विस्कटलेला भागच नीट पकडता येतो. त्या फिल्ममध्ये घट्ट भाग होता दोन टक्क्यांहून कमी. आपल्या पाण्याच्या बाटलीत तो बराच जास्त असतो, बाटली फुगवताना साखळ्या ताणून बसवतात म्हणून तर ती इतकी मजबूत होते.

पावडर विकणारे विरजणाची उपमा देतात. पाकिटावर छापलंय की जसं चमचाभर विरजण लिटरभर दुधाचं दही करतं तसं हे एन्झाइम प्लास्टिकचं खत करतं. वाचायला छान वाटतं. पण विरजणातल्या जिवाणूंना दुधातली साखर लागते म्हणून दही लागतं, तेच विरजण पाण्यात घाला, आठवडाभर ठेवा, पाणी पाणीच राहणार. मुद्दा सगळा तिथेच आहे, समोर जे ठेवलंय ते त्या एन्झाइमचं खाणं आहे का.

तर आता मी काय केलं ते. जानेवारीच्या शेवटी सुरू केलं. चार वस्तू घेतल्या, दुधाची पिशवी, पाण्याच्या बाटलीचे कापलेले तुकडे, भाजीवाला देतो ती पातळ पांढरी पिशवी, आणि एक कंपोस्टेबल कचरा पिशवी जी मी वेगळी मागवली होती, तिच्याबद्दल खाली लिहिलंय. प्रत्येकी दहा-दहा ग्रॅमच्या पोटल्या केल्या, जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून, म्हणजे ओलावा आणि जिवाणू आत जातील पण तुकडे बाहेर हरवणार नाहीत. निम्म्या पोटल्यांना पावडर, निम्म्यांना नुसतं पाणी. निम्म्या हौदात पुरल्या, निम्म्या माझ्या बाल्कनीतल्या भोकं पाडलेल्या बादल्यांत, पावडरवाल्यांची बादली वेगळी आणि बिनपावडरवाल्यांची वेगळी. एकूण सोळा पोटल्या. पावडरवाल्या लाल दोऱ्याने बांधल्या, बिनपावडरच्या पांढऱ्या. बिनपावडरच्या ठेवणं फार महत्त्वाचं आहे हो, नाहीतर काहीही झालं तरी आपण म्हणणार पावडरीने झालं.

हौद आणि बादली दोन्ही का, तर उष्णतेसाठी. आमच्या हौदात ओला कचरा आणि बागेतला पालापाचोळा थर देऊन भरला की आठवडाभरात मधोमध ५५ ते ५८ डिग्री होतं, लांब दांडीचा थर्मामीटर आहे माझ्याकडे, रोज सकाळी बघते. हात घातला तर दोन सेकंदांत काढावा लागतो. ढीग वरखाली केला की परत चढतं. बादलीत मात्र ३० ते ३४ च्या वर कधी जात नाही, ढीगच छोटा, ऊब धरत नाही.

पावडर पाण्यात भिजवायची, गूळ घालायचा, तीन दिवस झाकून ठेवायचं आणि मग शिंपडायचं अशी कृती आहे. तीन दिवसांनी झाकण उघडलं तर इडलीचं पीठ जास्त आंबल्यावर येतो तसा वास, वर बारीक फेस. म्हणजे जिवंत काहीतरी आत होतं, ते खोटं नाही. पाकिटावर बॅसिलस आणि ट्रायकोडर्मा लिहिलंय, ही मंडळी मातीत आणि खतात असतातच, पालापाचोळा आणि सालं कुजवतात, शेतीच्या दुकानातही मिळतात. कुठलं एन्झाइम, किती, कुठल्या प्लास्टिकवर चालतं यातलं एक अक्षर पाकिटावर नाही. खाली मोठ्या अक्षरात "सर्व प्रकारचं प्लास्टिक ९० दिवसांत".

४५ दिवसांनी पहिल्यांदा पोटल्या उघडल्या. हौदातली दुधाच्या पिशवीची लाल दोऱ्याची पोटली उघडली तर तुकड्यांवर पांढरी बुरशी, छान कापसासारखी, आणि मी खरंच खूश झाले, खाली जाऊन दोघातिघांना बोलावून दाखवलं. मग पांढऱ्या दोऱ्याची उघडली, त्यावरही तेवढीच बुरशी. पिशवीच्या घडीत दुधाचा अंश राहिला होता आणि वर कचऱ्याचा चिखल, बुरशी त्यावर वाढली होती. वजन केलं तर दहाचं अकरा ग्रॅम, चिकटलेल्या मातीमुळे. साबणाने धुऊन वाळवलं, परत दहा. चार महिन्यांनी शेवटचं बघितलं तेव्हा त्या तुकड्यांवरची छपाई जशीच्या तशी, पॅकिंगची तारीखसुद्धा वाचता येत होती, निळ्या शाईतली, एक आकडा पुसला गेला नव्हता. किचनच्या काट्याला ग्रॅमच्या खालचं कळत नाही म्हणून ओळखीच्या सराफाकडे नेऊन त्याच्या काट्यावर सुरुवातीला आणि शेवटी वजन केलं होतं, आधी १०.०२ आणि नंतर १०.०१. बाटलीच्या तुकड्यांचंही तेच, कात्रीने कापलेल्या कडा अजून बोटाला टोचत होत्या. भाजीच्या पिशवीचंही तेच. लाल दोरा, पांढरा दोरा, हौद, बादली, कशात काही फरक नाही.

मधे, ४५ दिवसांनी काहीच झालं नाही हे बघून कस्टमर केअरला फोन केला होता. मुलगी बोलायला गोड होती, म्हणाली मॅडम तुमच्याकडे ऊन कमी पडलं असेल, उन्हात ठेवून बघा, आणि व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या कुणाचे तरी फोटो पाठवले ज्यात पातळ पिशवीचा चुरा झालेला दिसत होता. ठीक आहे म्हटलं, तेही करू. एप्रिलमध्ये गच्चीवर दोन ताटं ठेवली, दोन्हींत भाजीच्या पातळ पिशवीचे तुकडे, एकात पावडरचं पाणी रोज शिंपडायचं, दुसऱ्यात साधं पाणी. पुण्याचा एप्रिल-मे म्हणजे काय ऊन असतं माहितीये. मेच्या अखेरीला दोन्ही ताटांतले तुकडे कडक झाले होते, चिमटीत धरून चुरले की पापडासारखे तुटत होते. दोन्ही. म्हणजे ते काम उन्हाने केलं, पावडरीने नाही. आणि तो चुरा ही माती नाही हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, तो प्लास्टिकचाच चुरा आहे, फक्त आता हातात धरता येत नाही, वाऱ्याने उडेल, पावसाने गटारात जाईल, तिथून नदीत. अख्खी पिशवी निदान उचलता तरी येते. युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकवर, म्हणजे मसाला घालून लवकर तुकडे होणाऱ्या प्लास्टिकवर बंदी आणली ती याच काळजीने, तुकडे होणं म्हणजे संपणं नव्हे.

पैसे परत मागितले तर पाकीट फोडलंय म्हणून नाही म्हणाले. न फोडता वापरायचं कसं ते मला कळलं नाही. फार वाईट वाटलं, ६४९ रुपयांपेक्षा जास्त या गोष्टीचं की एवढ्या चांगल्या शोधाचं नाव वापरून लोकांना फसवतायत आणि उद्या खरी गोष्ट आली की लोक म्हणणार हे सगळं थोतांड असतं.

आता पावडर का चालत नाही ते. एन्झाइम हे प्रोटीन असतं आणि ते एका ठरावीक प्रकारचा जोड तोडतं, दुसरा नाही. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते कारण लाळेतलं एन्झाइम पिठातल्या स्टार्चचे जोड तोडून साखर करतं, पण तेच एन्झाइम तुपाला हात लावत नाही, तुपाला वेगळं लागतं. पेटमध्ये, म्हणजे पाण्याच्या बाटलीत आणि पॉलिस्टरच्या साडीतसुद्धा कारण ती तीच वस्तू आहे, साखळीचे दुवे एस्टर नावाच्या जोडाने जोडलेले असतात. तेला-तुपातही एस्टर जोड असतात, पानाच्या वरच्या चकचकीत थरातही असतात, म्हणजे निसर्गात तो तोडणारी एन्झाइम कोट्यवधी वर्षांपासून आहेत आणि त्यातली काही पेटलाही लागू पडतात. पण दुधाची पिशवी, कॅरीबॅग, बादली, शाम्पूची बाटली, हे बहुतेक सगळं पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलिन. त्यात कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन अशी सरळ साखळी आणि भोवती हायड्रोजन, कुठे एस्टर नाही, काही नाही. पेटेझला पकडायला तिथे जागाच नाही. त्यामुळे "सर्व प्रकारचं प्लास्टिक" हे तीन शब्द जिथे दिसतील तिथेच पाकीट खाली ठेवायला हरकत नाही. मेणअळीचंही नाव घेतात हे लोक, मधमाशांच्या पोळ्यातलं मेण खाते ती अळी, तिच्यावर संशोधन चालू आहे हे खरं, तिच्या लाळेतली एन्झाइम पॉलिथिनवर काम करतात असं २०२२ मध्ये छापून आलं पण त्यावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. मी ज्या मुलीशी बोलले तिनेही ती अळी सांगितली. पाकिटात काय आहे हे विचारल्यावर मात्र उत्तर आलं नाही.

जिथे हे खरंच जमतंय तिथे काय करतात ते बघितलं की बादलीत का होत नाही ते लख्ख कळतं. २०१२ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या लोकांना पानाफांद्यांच्या कंपोस्टमधून एक एन्झाइम मिळालं. त्यांनी जिवाणू वेगळा काढून वाढवलासुद्धा नाही, ढिगातला सगळा डीएनए घेऊन त्यातून नेमकं ते जीन शोधलं. पानावरचा मेणचट थर कुजवणारं ते एन्झाइम. माझ्यासारखी रोज पालापाचोळा उलथणारी बाई हे वाचून किती वेळ नुसती हौदाकडे बघत बसली असेल विचारू नका. मग फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीने आणि तुलूझच्या संशोधकांनी त्या एन्झाइमचे काही भाग बदलून ते जास्त टिकाऊ केलं, २०२० मध्ये नेचरमध्ये आलं, दहा तासांत ९० टक्के पेट सुटं झालं. दहा तास! पण कसं, तर आधी बाटल्या तोडून, वितळवून झटकन गार करायच्या म्हणजे साखळ्या विस्कटलेल्या राहतात, मग त्याची बारीक पूड, मग टाकीत ७२ डिग्रीला ढवळत ठेवायचं, किलोभर पेटला तीन ग्रॅम शुद्ध एन्झाइम, आणि अॅसिड तयार होत जातं तसं अल्कली घालून पीएच सांभाळायचा. ७२ डिग्री अशासाठी की त्याच्या आसपास पेटच्या साखळ्या जरा सैल होतात आणि एन्झाइमला आत शिरता येतं. शेवटी जे मिळतं ते खत नाहीच, ते बाटलीचा कच्चा माल आहे, त्यातून त्यांनी परत बाटली केली. म्हणजे जिथे हे खरंच चालतं तिथेसुद्धा प्लास्टिकची माती करत नाहीत, नवी बाटली करतात, आणि ते मला जास्त पटतं.

अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने २०२२ मध्ये कॉम्प्युटरकडून बदल सुचवून घेऊन आणखी एक पेटेझ केलं, ते ५० डिग्रीला चालतं, स्ट्रॉबेरी येते तसल्या पारदर्शक डब्यांसारख्या पॅकिंगचे ५१ नमुने त्यांनी एका आठवड्यात संपवले. ५० डिग्री म्हणजे आमच्या हौदाच्या जवळ आलं की, असं मला वाटून गेलं. पण त्यांच्याकडे शुद्ध एन्झाइम होतं, ठरावीक पीएचचं द्रावण होतं, हौदात हजार प्रकारचे जिवाणू आणि ते सगळे प्रोटीन खायला टपलेले, तुम्ही टाकलेलं एन्झाइम हेसुद्धा प्रोटीनच, त्यांच्यासाठी ते खाणंच. आणि साकाईच्या जिवाणूचं मूळ पेटेझ तर उष्णतेत टिकतच नाही, अंड्याचा पांढरा भाग शिजतो तसं त्याचं होतं. बादलीत गार म्हणून हळू, हौदात गरम म्हणून निकामी.

आता कंपोस्टेबल पिशव्यांबद्दल, कारण याच प्रयोगात त्यांचाही रिव्ह्यू होऊन गेला. ३० पिशव्यांचा रोल, १९० रुपये, मक्याच्या स्टार्चबरोबर एस्टर जोडाचं प्लास्टिक मिसळून केलेल्या असतात. हाताला जरा रबरासारख्या लागतात, कागदासारखा हलका वास येतो, ओल्या कचऱ्याने भरून रात्रभर ठेवली तर तळाला घाम सुटल्यासारखी ओलसर होते पण फाटली नाही. हौदात ४५ दिवसांनी पोटलीत चिंध्या होत्या, नऊ आठवड्यांनी चाळलं तर नखाएवढे चार-पाच तुकडे, बाकी खतात गेली होती. पावडर असलेली आणि नसलेली, दोन्ही सारख्याच वेगाने. म्हणजे काम हौदातल्या जिवाणूंनी आणि उष्णतेने केलं, जे फुकट होतं. बादलीत मात्र चार महिन्यांनीही निम्म्याहून जास्त शिल्लक, भिजलेल्या कागदासारखी मऊ झालेली, ओढली की तुटते, पण होती. धुऊन वजन केलं तर दहातले सहा ग्रॅम.

यात पिशवीची चूक नाही. कंपोस्टेबलचं जे स्टँडर्ड आपल्याकडे लागू आहे, आयएसओ १७०८८, त्यात चाचणीच ५८ डिग्रीच्या आसपास होते, १२ आठवड्यांनी चाळल्यावर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, आणि सहा महिन्यांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला पाहिजे. मोठ्या गरम ढिगासाठीचं हे माप आहे, बाल्कनीतल्या कुंडीसाठीचं नाही. दुकानदार हे सांगत नाही. परदेशात घरच्या कंपोस्टसाठी वेगळं सर्टिफिकेट असतं, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनभरच्या लोकांकडून घरच्या खताच्या डब्यांत हे करून घेतलं तेव्हा घरी कुजेल असं सर्टिफिकेट असलेल्या वस्तूंपैकीसुद्धा ६० टक्के पूर्ण विरल्या नाहीत, २०२२ साली ते छापून आलं. तेव्हा तुमच्या सोसायटीत मोठा हौद असेल, ढीग गरम होत असेल, तर या पिशव्या जरूर घ्या, माझ्याकडून चार स्टार. नुसती बादली किंवा कुंडी असेल तर उगाच पैसे घालवू नका, डब्याला वर्तमानपत्र लावा, मी वर्षानुवर्षं तेच करत होते. घेताना पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सर्टिफिकेट नंबर आणि "कंपोस्टेबल" शब्द दोन्ही बघा. नुसतं "बायोडिग्रेडेबल", "इको", "पृथ्वीला अनुकूल" आणि हिरवं पान असेल तर मी घेत नाही.

पावडरीला जो एक स्टार दिला तो का, तेही सांगते, अन्याय नको. दोन बादल्यांत सारखाच भाजीचा कचरा भरला होता, पावडरवालीतली सालं पाच आठवड्यांत काळी भुसभुशीत झाली, दुसरीतली सहा. वासही कमी होता, चिलटं कमी. आठवड्याचा फरक आहे. पण पुढच्या खेपेला दुसऱ्या बादलीत वाटीभर आंबट ताक आणि दोन मुठी जुनं खत टाकलं तर तीही पाच आठवड्यांतच झाली.

शेवटी सुक्या कचऱ्याचं काय, सेक्रेटरी काकांचा मूळ प्रश्न तोच होता. आमच्याकडे स्वच्छच्या ताई येतात, पुण्यातल्या कचरावेचकांची ही सहकारी संस्था. पोटल्या उघडत होते तेव्हा त्या शेजारीच गोणी भरत होत्या, हातातले तुकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, हे कशाला पुरलंत ओ? धुऊन मला दिलं असतं तर भाव आला असता." मग बसून मला दाखवलं. चिमटीत चुरगाळून आवाज ऐकतात, कुरकुर वाजलं की वेगळं, मऊ वाजलं की वेगळं. पाण्याच्या बाटल्यांना "बिसलरी" म्हणतात, कुठल्याही कंपनीची असो, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक वेगळं. पंधरा मिनिटांत त्यांनी जेवढं वेगळं केलं तेवढं आमच्या चार घरांना मिळून जमलं नसतं. कंपोस्टेबल पिशवी हातात घेतल्या घेतल्या बाजूला टाकली, म्हणाल्या ही चालत नाही, माल खराब करते. बरोबर आहे, पॉलिथिनमध्ये ही मिसळली की वितळवताना सगळी बॅच बिघडते, म्हणून या पिशव्या सुक्या कचऱ्यात अजिबात टाकू नका, हौदात नाहीतर ओल्या कचऱ्यात.

आम्ही पावडर घेतली नाही. त्याऐवजी जिन्याखाली दोन जाळीचे पिंप ठेवले, एक दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांना, एक बाटल्यांना, आणि ते पैसे ताईंच्या गोणीसाठीच्या शेडला वापरले, पावसाळ्याआधी पत्रा टाकून झाला. उरलेली पाव किलो पावडर मी सालांवर वापरून संपवतेय. ताईंनी एकच गोष्ट सगळ्यांना सांगायला सांगितलीये, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण उडवू नका, अर्धा कापून पिशवीलाच लोंबता ठेवा. तो सुटा झालेला टिचभर तुकडा त्यांच्या हाताला लागत नाही, झाडून थेट गटारात जातो, आणि आमच्या ४८ घरांतून रोज निदान साठ-सत्तर पिशव्या निघतात.